मोज्याची सुरकुती

मुलांनो, आज सकाळी शाळेत येताना मोजे कसे घातलेत? हसू नका, खरंच विचारतेय. बहुतेक असं झालं असणार : दारात रिक्षावाले काका हॉर्न वाजवतायत, आई डबा भरता भरता ओरडतेय, आणि तुम्ही एका पायावर लंगडी घालत दुसऱ्या पायात मोजा ओढताय. मोज्याची टाच कुठे, तर घोट्यावर! वरून बूट चढवला की झालं. आत कोण बघतंय?

एक गुरुजी बघत होते. अमेरिकेत. आणि ते मोजे घालायला शिकवायचे ते बालवाडीतल्या पिल्लांना नव्हे बरं का! कॉलेजात शिकणाऱ्या, सहा-सहा, सात-सात फूट उंचीच्या, आपापल्या गावात हिरो ठरलेल्या बास्केटबॉल खेळाडूंना.

त्यांचं नाव जॉन वुडन. लॉस एंजेलिस शहरात कॅलिफोर्निया विद्यापीठ आहे, त्याला सगळे 'यूसीएलए' म्हणतात. तिथल्या बास्केटबॉल संघाचे ते १९४८ ते १९७५ अशी सत्तावीस वर्षं प्रशिक्षक होते. हंगामाच्या पहिल्या दिवशी नवी मुलं कान टवकारून बसायची. आता सर एखादा गुप्त डाव सांगणार! आणि सर काय सांगायचे? बूट काढा, मोजे काढा. मग ते स्वतः करून दाखवायचे. मोजा बोटांवर नीट बसवायचा. टाचेभोवती हात फिरवून बघायचा. एकही सुरकुती राहता कामा नये. मोजा वर ताणून धरूनच पाय बुटात घालायचा. नाडी खालच्या भोकापासून एकेक करत आवळत वर यायची आणि शेवटी दुहेरी गाठ मारायची. बूटही पायाच्या मापाचाच हवा, पुढे जागा सोडलेला नको.

एवढं कशासाठी? मोज्याला सुरकुती पडली की पाय घासतो. घासला की फोड येतो. फोड आला की खेळाडू लंगडतो, सराव बुडतो. आणि सैल नाडी सुटते ती नेमकी सामना रंगात आला असताना! म्हणजे सामना हरायला सुरुवात होते ती मैदानावर नाही, बाकावर बसून मोजा घालताना.

बिल वॉल्टन नावाचा एक खेळाडू होता, जवळजवळ सात फुटी. वुडनसरांच्या हाताखाली तो १९७० नंतरच्या वर्षांत खेळला. पहिल्या दिवशीचा हा मोज्यांचा पाठ बघून आपण चक्रावून गेलो होतो, असं तो पुढे मोठा झाल्यावर गमतीनं सांगायचा. पण याच वॉल्टनने आपल्या मुलांच्या शाळेच्या डब्याच्या पिशव्यांवर सरांची वाक्यं लिहून दिली! २०२४ साली तो गेला, तोवर सरांचं नाव त्याच्या तोंडी होतं.

ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली ती शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात, जेवणानंतर, डोळे मिटायला लागले असताना. मोजे म्हटल्यावर खाडकन जागी झाले. मग या माणसाबद्दल मिळेल ते वाचत सुटले.

वुडन जन्मले १९१० साली, इंडियाना राज्यात. घर शेतावरचं, वीज नाही. खेळायला चेंडू हवा, तर आईने जुन्या काळ्या सुती मोज्यात चिंध्या ठासून भरल्या आणि शिवून दिला चेंडू. (बघा, मोजा इथेही आहेच!) वडिलांनी टोमॅटोच्या टोपलीचा तळ काढून ती गोठ्यात ठोकली. झालं बास्केटबॉलचं मैदान तयार. पुढे कॉलेजात ते स्वतः देशातल्या उत्तम खेळाडूंत गणले गेले. आणि मग झाले मास्तर. हो, इंग्रजी शिकवणारे हायस्कूलचे मास्तर! खेळ शिकवणं हा त्याच नोकरीचा एक भाग. प्रशिक्षक म्हणून त्यांचं पहिलं वर्ष कसं गेलं माहीत आहे? संघ जिंकला कमी आणि हरला जास्त.

आता यूसीएलएचे आकडे सांगते. बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय विजेतेपद, त्यातली सात तर ओळीने. एकदा लागोपाठ अठ्ठ्याऐंशी सामन्यांत हार नाही. हे आकडे सगळेच सांगतात. मला मात्र त्यांच्या मागे दडलेला दुसराच आकडा आवडतो. यूसीएलएत आल्यानंतर त्यांना पहिलं विजेतेपद मिळालं १९६४ साली, म्हणजे सोळाव्या हंगामात. आधीचे पंधरा हंगाम दरवर्षी तेच मोजे, त्याच नाड्या, आणि विजेतेपद नाही!

त्या वर्षांत सरावाला धड जागाही नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचा एक जुना, कोंदट हॉल. एका कोपऱ्यात कुस्तीवाले, एका बाजूला जिम्नॅस्टिक्सवाले. त्यांच्या हातांना लावायच्या पांढऱ्या पुडीची धूळ जमिनीवर पसरायची आणि बास्केटबॉलवाल्यांचे पाय घसरायचे. मग रोज सरावाआधी वुडनसर आणि मदतनीस मुलं मिळून ती जमीन पुसून काढत. सर बादली घेऊन पुढे पाणी शिंपडत चालायचे आणि मुलं मागून पुसत यायची. लहानपणी शेतावर कोंबड्यांना दाणे टाकत चालायचो तसं वाटायचं, असं त्यांनी लिहून ठेवलंय. मला तर आपल्या अंगणातला सडाच आठवला.

सरांच्या संघाची आणखी एक रीत होती. परगावी सामना असला की खेळाडूंची खोली जशी मिळाली तशी, किंबहुना जास्तच स्वच्छ करून सोडायची. टॉवेल उचलायचे, संत्र्यांच्या साली गोळा करायच्या. विजेते असलात म्हणून तुमचा कचरा दुसऱ्या कुणी का उचलावा?

माझ्या वर्गातला एक चुणचुणीत मुलगा हे ऐकून म्हणाला, "बाई, एवढे मोठे सर आणि फक्त झाडू-पोछा आणि मोजे?" चांगला प्रश्न आहे. म्हणून त्याला १९४७ सालची गोष्ट सांगितली. तेव्हा वुडनसर इंडियानातल्या दुसऱ्या एका कॉलेजचे प्रशिक्षक होते. त्यांच्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. संघात क्लॅरन्स वॉकर नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा होता, आणि त्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी होती. वॉकर काही संघातला पहिल्या पाचांतला नव्हता. त्याला मागे ठेवून बाकीचे जाऊ शकले असते. सरांनी आमंत्रणच नाकारलं. दुसऱ्या वर्षी ती बंदी उठली, तेव्हा संघ गेला आणि वॉकर खेळला. संघ म्हणजे सगळेच्या सगळे, ही गोष्ट जो रोज सरावात पाळतो, त्याला अशा वेळी फार विचार करावा लागत नसावा, असं मला वाटतं.

आता जरा माझ्याकडे वळते. हा भाग सांगताना थोडी लाज वाटतेय, पण सांगायला हवा.

१९७४-७५ चा हंगाम वुडनसरांचा शेवटचा. त्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञ, रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर, त्यांच्या सरावाला जाऊन बसायचे. सर काय बोलतात याची नोंद करत. सर काही शिकवण्यासाठी बोलले वा त्यांनी करून दाखवलं, अशा २३२६ नोंदी झाल्या. तुम्हाला काय वाटतं, त्यात 'शाबास' किती असतील? शंभरात जेमतेम सात. आणि रागावणं? तेही शंभरात सातच्या आतबाहेर. मग बाकीचं काय? शंभरातल्या सुमारे पंच्याहत्तर नोंदी म्हणजे निव्वळ माहिती. पाय कुठे ठेव, चेंडू कसा धर, कधी वळ. खेळाडू चुकला की सर आधी बरोबर कसं ते करून दाखवत, मग तो कसा चुकला ते दाखवत आणि पुन्हा बरोबर कसं ते. हे सगळं काही सेकंदांत. भाषण नाही, टोमणा नाही.

हे वाचलं आणि मनात आलं, आपलं काय? माझ्याकडे चौथीचा वर्ग, तेवीस मुलं. वर्गाची मॉनिटर मोठी जबाबदार मुलगी. तिला म्हटलं, "आज तू गुपचूप एक काम करायचं. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आख. शाबास, ओरडणे, कसं करायचं ते सांगणे. मी जे बोलेन त्याची रेघ त्या त्या रकान्यात ओढ." तिला काय, आनंदच झाला! बाईंवर नजर ठेवायला मिळणार!

मधल्या सुट्टीत तिने वही आणून दिली. शाबास सहा. ओरडणे चौतीस. कसं करायचं ते सांगणे पाच. आणि तिने आपल्या मनाने चौथा रकाना आखला होता : 'नुसते डोळे वटारणे', अकरा!

डी.एड. होऊन इतकी वर्षं झाली, माझा समज असा की मी मुलांना समजावून सांगणारी बाई. त्या चौतीस रेघांत बहुतेक कुणासाठी होत्या तेही मला बघताक्षणी कळलं. मागच्या रांगेत बसणारा एक मुलगा. त्याची वजाबाकी चुकायची. ४०२ वजा १७५, त्याचं उत्तर २७७. "लक्ष कुठंय तुझं?" मी रोज विचारायची. तो मान खाली घालायचा. लक्ष तर वहीतच होतं त्याचं! त्या दिवशी पहिल्यांदा मी शेजारी बसून विचारलं, तू हे केलंस कसं ते मला सांग. तेव्हा कळलं. एककाला दहा हवे होते, ते त्याने थेट शतकाकडून आणले होते. मधल्या दशकाच्या घराला काहीच दिलं नव्हतं. मग तिथे शून्यातून सात जाईना, तर त्याने सातातून शून्य वजा करून सात लिहिले. म्हणजे त्याचीही एक रीत होती. फक्त एका ठिकाणी सुरकुती होती, आणि वर्षभर मी बुटावरूनच ओरडत होते.

"शतकाने उसने दिले, तर ते आधी कुणाच्या घरी येतील?"

"दशकाच्या."

"मग दशकाकडे दहा आले. त्यातला एक एककाला दिला की त्याच्याकडे उरले किती?"

"नऊ," तो म्हणाला. मग त्याने स्वतःच खोडरबर उचलला.

तुम्हाला वाटेल, झालं, जमलं! कसलं काय! दुसऱ्या दिवशी पुन्हा २७७. चांगल्या सवयीसुद्धा पहिले काही दिवस पाहुण्यासारख्याच येतात, चहा घेऊन निघून जातात. म्हणून ठरवलं की रोज एकच वजाबाकी, मध्ये शून्य असलेली, परिपाठाच्या आधी. एकच. दोन मागितल्या तरी द्यायच्या नाहीत. शेजारी मॉनिटरने बसायचं. उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं, "आधी कुणाच्या घरी?"

वुडनसर रोजच्या सरावाचं मिनिटामिनिटाचं वेळापत्रक छोट्या कार्डांवर लिहीत आणि ती कार्डं वर्षानुवर्षं जपून ठेवत. दोन तासांच्या सरावासाठी जवळपास तेवढाच वेळ तयारीला देत. मला एवढं जमत नाही, खरं सांगते. घरी गेल्यावर पोळ्या असतात, माझ्या लेकीचा अभ्यास असतो, शाळेची ऑनलाइन माहिती भरायची असते. पण जुन्या कॅलेंडरची पानं कापून मी कोऱ्या बाजूची कार्डं केली. रोज रात्री दहा मिनिटं, कार्डावर तीन ओळी : उद्या कुणाला काय दाखवायचं. कधी कधी तेही राहतं. राहिलं त्या दिवशी 'ओरडणे' हमखास वाढतं, हे मॉनिटरच्या वहीत स्वच्छ दिसतं.

मुंबईकर मुलं म्हणतील, आमचे आचरेकर सर विसरलात वाटतं! कशी विसरेन? शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सर दमलेल्या सचिनच्या यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे. जो त्याला बाद करील, नाणं त्याचं. शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. एक रुपयाच, पण दमल्यावरही आणखी थोडा वेळ उभं राहायची सवय त्या नाण्याने लावली.

आई-बाबा, हा लेख मुलांच्या खांद्यावरून तुम्हीही वाचत असाल, तर तुमच्यासाठी वुडनसरांची एक तक्रार सांगते. हायस्कूलात शिकवत असताना त्यांच्या लक्षात आलं की, शेजाऱ्याच्या मुलाला मधली श्रेणी मिळाली तर पालकांना त्यात काही वावगं वाटत नाही, पण आपल्या मुलाला मिळाली की मुलगा तरी बिघडलेला नाहीतर मास्तर तरी वाईट! म्हणून त्यांनी यशाची स्वतःपुरती व्याख्या केली : आपल्याला जितकं चांगलं होता येईल तितकं होण्यासाठी आपण जीव ओतला, याचं मनाला मिळणारं समाधान. निकालाच्या दिवशी आमच्याकडेही 'अ-एक का नाही?' हा प्रश्न व्हरांड्यात रांगेने उभा असतो. एकदा घरीही तीन रकाने आखून बघा ना. 'अभ्यास कर' हे वाक्य कुठल्या रकान्यात जातं, ते तुमच्या मुलांनाच ठरवू द्या.

मॉनिटरचं सांगायचं राहिलंच. ती आधी काय करायची? मी वर्गाबाहेर गेले की फळ्यावर 'बोलणाऱ्यांची नावे'. त्यामुळे तिच्याशी कुणी डबा वाटून खायचं नाही. माझे रकाने आखून झाल्यावर एक दिवस ती हळूच म्हणाली, "बाई, माझी पण रेघ कुणीतरी ओढली तर?" मी काही उपदेश केला नाही. संत्र्यांच्या सालींची गोष्ट तेवढी आदल्या आठवड्यात सांगून झाली होती. शाळा सुटताना ती रोज कागदाचे कपटे उचलायला लागली. कुणाला 'उचल' म्हणाली नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी एकजण सुपली घेऊन आला. मग आणखी तिघी आल्या. दोघंजण अजूनही घंटा झाली की दप्तर उचलून पळतात. त्यांची नावं मात्र ती फळ्यावर लिहीत नाही.

आणि एक रीत आम्ही वर्गात उचलली, ती वुडनसरांच्या मैदानावरची. त्यांच्याकडे नियम होता की गुण केला तर ज्याने चेंडू हातात दिला त्याच्याकडे बघून खूण करायची. मान हलवा, बोट दाखवा, काहीही. एका खेळाडूने शंका काढली, तो आपल्याकडे बघतच नसला तर? सर म्हणाले, बघत असेल, मी खात्री देतो.

आमच्याकडे या नियमाने सुरुवातीला धुमाकूळ घातला. खोडरबर दिला, दाखव बोट! पाणी दिलं, दाखव बोट! शेवटी मला सांगावं लागलं की शिकायला मदत केली असेल तरच.

परवा परिपाठानंतर मागच्या रांगेतल्या त्या मुलाला फळ्यावर बोलावलं. मुद्दाम अवघड दिली, दोन शून्यांची : ५०० वजा २६८. त्याने खडू घेतला. ओठ हलत होते, "आधी कुणाच्या घरी..." असं काहीतरी असणार. शतकाचे पाच खोडून चार केले. दशकाच्या डोक्यावर दहा लिहिले, तेही खोडून नऊ केले. एककाला दहा दिले. सावकाश, एकेक भोक आवळत नाडी बांधावी तसं. २३२.

मी काही बोलायच्या आत तो वळला आणि खडूने पांढरं झालेलं बोट त्याने पहिल्या बाकाकडे रोखलं.

मॉनिटर बघतच होती. तिसऱ्या रकान्यात रेघ ओढायची मात्र ती विसरली.